खुर्ची सरकारची, मग माहिती खाजगी कशी?

गावगाड्यात दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. वसूल झालेला सारा तालुक्याच्या खजिन्यापर्यंत पोचवायचा तो महाराने, सरकारी टपाल वाहायचे ते महाराने, अंमलदार मुक्कामाला आला तर त्याची उठबस करायची तीही महाराने. पण आपल्या जमिनीविषयी, आपल्या वतनाविषयी त्या दप्तरात काय लिहिले आहे, हे विचारण्याची त्याला सोय नव्हती. ज्याच्या हाती कागद त्याच्या हाती गाव, हा गावगाड्याचा खरा कायदा होता. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते ही गुलामी मोडण्यासाठी. पुढे १९५८ च्या कायद्याने महार वतनासह कनिष्ठ गावकामगारांची वतने संपली. दप्तर मात्र राहिले. ते कुलकर्ण्याच्या माडीवरून तहसील कचेरीत गेले, पंचायत समितीत गेले, दुय्यम निबंधकाच्या कपाटात गेले. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर ते कपाट उघडण्याचा हक्क देशातल्या प्रत्येक नागरिकाला दिला. माहिती कशासाठी हवी, हे अर्जदाराला विचारण्याची मुभाही अधिकाऱ्याला ठेवली नाही.

तो हक्क आता कापला गेला आहे. आणि गंमत अशी की तो 'खाजगीपणाचे रक्षण' या गोंडस नावाखाली कापला गेला आहे.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा केला. या कायद्याच्या शेवटी शेवटी, कुणाच्या नजरेत पटकन येणार नाही अशा जागी, कलम ४४(३) आहे. त्याने माहिती अधिकार कायद्यातील कलम ८(१)(ञ) बदलले. कचेऱ्यांत ज्याला 'आठ-एक-जे' म्हणतात ते हे कलम. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम प्रसिद्ध झाले आणि त्यासोबत ही दुरुस्ती तत्काळ लागू झाली. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या ठिकाणी कचेऱ्यांचे उंबरे झिजवणाऱ्या माणसाला दिल्लीतल्या या चार ओळींनी काय फरक पडतो, तेच येथे सांगायचे आहे.

तराजू काढला, कडी घातली

जुने कलम काय म्हणत होते? वैयक्तिक माहिती नाकारता येईल, पण केव्हा? तिचा कोणत्याही सार्वजनिक कामाशी वा हिताशी संबंध नसेल, किंवा ती दिल्याने एखाद्याच्या खाजगी आयुष्यात विनाकारण घुसखोरी होत असेल, तेव्हा. तशा वेळीही व्यापक जनहित मोठे असेल तर ती द्यायची. आणि या सगळ्याच्या शेवटी एक सोनेरी ओळ होती: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. म्हणजे दौंडच्या सिद्धार्थनगरातला मजूर आणि विधानसभेतला आमदार, माहितीपुढे दोघे एका पायरीवर. एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य हे जे तत्त्व बाबासाहेबांनी मांडले, त्याचाच हा कचेरीतला अवतार होता.

नवे कलम एका ओळीचे आहे. वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती देण्याचे बंधन नाही. संपले. सार्वजनिक कामाशी संबंध, विनाकारण घुसखोरी, विधिमंडळाची ओळ, सगळे गेले. पूर्वी कलमात तराजू होता. एका पारड्यात अधिकाऱ्याचे खाजगीपण, दुसऱ्यात लोकांचे हित. आता तराजू काढून दाराला कडी घातली आहे.

सरकार म्हणते, घाबरू नका, कलम ८(२) शिल्लक आहे. जनहित जास्त असेल तर अधिकारी माहिती देऊ शकतो. खरे आहे, ते शिल्लक आहे. पण 'देऊ शकतो' आणि 'द्यावीच लागेल' यांत तालुक्याच्या कचेरीत किती अंतर असते, हे ज्याने कधी जातीच्या दाखल्यासाठी रांग लावली आहे त्याला सांगायला नको. शिवाय ज्याची माहिती मागितली तो वरच्या मजल्यावर आणि जनहित ठरवणारा खालच्या मजल्यावर बसलेला असेल, तर खालचा कोणता निर्णय घेईल?

अकोला ते पुणे: न्यायालयांनी काय सांगितले

हा वाद नवा नाही, आणि त्यातले महत्त्वाचे खटले आपल्या महाराष्ट्रातलेच आहेत.

पहिला २००७ चा. राज्याचे मंत्री राहिलेले सुरूपसिंग नाईक यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल २००६ मध्ये एक महिन्याची कैद झाली. शिक्षेच्या काळात ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दाखल होते. एका नागरिकाने त्यांच्या वैद्यकीय नोंदी मागितल्या. आजार ही माणसाची सर्वांत खाजगी गोष्ट. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की, केवळ वैद्यकीय नोंद गोपनीय असते एवढ्या कारणाने ती माहिती अधिकारातून सुटत नाही. शिक्षा भोगणाऱ्याच्या बाबतीत जनहित असेल तर ती द्यावी लागेल. न्यायालयाने दोन्ही पारडी तोलली. गरीब कैदी बराकीत आणि मोठा कैदी रुग्णालयात, हा प्रश्न विचारण्याचा हक्क नागरिकाला आहे, असा त्याचा साधा अर्थ.

दुसरा खटला अकोल्याचा. तेथील भविष्य निर्वाह निधी कार्यालयातील एका अधिकाऱ्याची माहिती गिरीश देशपांडे यांनी मागितली होती: नेमणूक, बढत्या, मिळालेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, मालमत्ता, इतकेच नव्हे तर मुलाच्या लग्नात मिळालेल्या भेटी. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कर्मचाऱ्याची सेवेतील कामगिरी ही मुख्यतः तो आणि त्याचा मालक यांच्यातली बाब आहे. मेमो, शिक्षा, मालमत्ता ही वैयक्तिक माहिती आहे. व्यापक जनहित दाखवले तरच ती मिळेल. लग्नातल्या भेटींबाबत कुणी काही म्हणो, पण येथे एक प्रश्न उरतोच. सरकारी नोकराचा मालक कोण? पगार ज्याच्या करातून जातो तो मालक नव्हे काय? आगपेटीसारख्या छोट्या खरेदीतही कर भरणारी आपली मायमाउली ही मालक नव्हे काय? या निकालानंतर राज्यभरातल्या माहिती अधिकाऱ्यांना नकाराचे तयार उत्तर मिळाले. निकालातला 'जनहित असेल तर' हा भाग सोयीने गळाला आणि 'वैयक्तिक माहिती' एवढेच शब्द उरले.

तिसरा खटला आपल्या पुणे जिल्ह्याचा आणि म्हणूनच सर्वांत जवळचा. पुणे जिल्हा न्यायालयाने २०१८ मध्ये कनिष्ठ लिपिकांची भरती केली. शिरूर, दौंडच्या कोर्टात जे लिपिक बसतात ते याच जिल्हा न्यायालयाच्या आस्थापनेवरचे. निवड न झालेल्या एका उमेदवाराने विचारले की, ज्यांची निवड झाली त्यांना किती गुण मिळाले? उत्तर आले, ती वैयक्तिक माहिती आहे. तो उच्च न्यायालयापर्यंत गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायमूर्ती महेश सोनक आणि न्यायमूर्ती जितेंद्र जैन यांच्या खंडपीठाने गुण देण्याचा आदेश दिला. सार्वजनिक पदासाठी जाहीर प्रक्रिया घेतली, तर त्यातले गुण सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली खाजगी बाब होऊ शकत नाहीत, असे त्यामागचे तर्कशास्त्र. झाकून ठेवले की संशय वाढतो, उघडले की तो निवळतो.

आता तारखा पाहा. 'सार्वजनिक कामाशी संबंध' या ज्या शब्दांचा आधार पुण्याच्या उमेदवाराला नोव्हेंबर २०२४ मध्ये मिळाला, तेच शब्द नोव्हेंबर २०२५ मध्ये कायद्यातून काढले गेले. एक वर्षाचे अंतर. उद्या दौंडची एखादी मुलगी तलाठी भरतीचे किंवा पोलीस भरतीचे गुण मागेल, तेव्हा तिने कोणत्या शब्दांवर बोट ठेवायचे?

वाळूच्या पट्ट्यात उभा असलेला अधिकारी

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. अधिकारी हाही माणूस आहे. खाजगीपण हा त्याचाही मूलभूत हक्क आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने तो मान्य केला आणि तो निकाल आपल्याही हिताचा आहे.

भीमा आणि घोड या नद्यांच्या काठच्या लोकांना हे अधिक सांगायला नको. कोरेगाव भीमा हे शिरूर तालुक्यातले गाव. दर १ जानेवारीला लाखो अनुयायी ज्या भीमेच्या काठी जमतात, तीच पुढे दौंडला जाते. या नद्यांतल्या बेकायदा वाळूउपशाविरुद्ध रात्री-बेरात्री पथके उतरतात, यांत्रिक बोटी फोडतात, जाळतात. राज्यात वाळूवाल्यांनी महसूल कर्मचाऱ्यांवर वाहन घातल्याच्या, पाळत ठेवल्याच्या घटना काही थोड्या नाहीत. अशा पथकातल्या बाईचा घरचा पत्ता, तिची मुले कोणत्या शाळेत जातात, तिचा खाजगी मोबाईल क्रमांक, ती आजारी पडली तर कशाने पडली, हे सांगण्याची मागणी कुणी करत असेल तर ती नाकारलीच पाहिजे. माहिती अधिकाराच्या नावावर दुकान मांडून बसलेली मंडळीही आहेत. अर्ज टाकायचा आणि पाकीट घेऊन मागे घ्यायचा, हा धंदा करणाऱ्यांनी चळवळीचेच नुकसान केले आहे.

पण त्याच नदीवर दुसराही प्रश्न आहे. कोणत्या गावच्या हद्दीत किती वेळा पंचनामा झाला, कुणाला किती दंड ठोठावला, त्यातला किती वसूल झाला, पकडलेला ट्रक कुणाच्या सहीने सुटला, त्या रात्री कामावर कोण होता? यात नावे आहेत. नाव आले म्हणजे वैयक्तिक माहिती आली, असा अर्थ कुणी लावला तर सही करणारा हात कायमचा अदृश्य होईल.

म्हणून रेघ कुठे ओढायची हे ठरवणे अवघड नाही. अधिकाऱ्याचे घर त्याचे, खुर्ची आपली. घरातले, देवघरातले, दवाखान्यातले, संसारातले सगळे त्याचे. खुर्चीवर बसून त्याने जे लिहिले, ज्यावर सही केली, ज्या पात्रतेवर ती खुर्ची मिळवली आणि त्या खुर्चीमुळे जे घेतले, ते सगळे लोकांचे. जुन्या कायद्यातला तराजू हीच रेघ ओढत होता. अधिकाऱ्याचा पत्ता झाकायला नव्या कायद्याची गरजच नव्हती.

जातीचा दाखला: दुधारी शस्त्र

आपल्या समाजाला हा प्रश्न आणखी एका बाजूने बोचतो. राखीव जागेवर लागलेल्या आपल्या मुलामुलींना छळण्यासाठी माहिती अधिकार वापरला जातो. बढतीची वेळ आली की अर्ज येतो: अमक्याचा जातीचा दाखला द्या, शाळा सोडल्याचा दाखला द्या, वंशावळ द्या. सवर्ण सहकाऱ्याची पदवी कुणी तपासत नाही. तपासली जाते ती आपली जात. त्यामुळे आपल्यातले काही कर्मचारी म्हणतात, बरे झाले, कायदा बदलला, एक कटकट गेली.

त्यांचा राग समजण्यासारखा आहे, निष्कर्ष मात्र घातक आहे. कारण खोट्या दाखल्यांनी सर्वांत जास्त लुटले गेलेले लोक आपणच आहोत. महाराष्ट्रात बनावट जातप्रमाणपत्रांवर राखीव जागा बळकावण्याचा इतिहास मोठा आहे. १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला पडताळणी समित्यांची पद्धत घालून द्यावी लागली. राज्याला २००१ मध्ये जातप्रमाणपत्र पडताळणीचा कायदा करावा लागला. ६ जुलै २०१७ रोजी जगदीश बहिरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, दावा अवैध ठरला तर नोकरीला संरक्षण नाही, मग ती कितीही वर्षे केलेली असो. त्यानंतर राज्य सरकारने काय केले? २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदे निर्माण करून सांभाळले. ज्यांच्या जागा गेल्या ते आदिवासी तरुण दारातच उभे राहिले. हे कर्मचारी कोणत्या खात्यात, कोणत्या पदावर, हा प्रश्न खाजगी आहे काय?

पुण्याचेच ताजे उदाहरण घ्या. परिविक्षाधीन सनदी अधिकारी पूजा खेडकर यांच्या इतर मागासवर्ग नॉन-क्रिमिलेअर आणि दिव्यांगत्वाच्या दाव्यांवर २०२४ मध्ये प्रश्न उभे राहिले. क्रिमिलेअरची उत्पन्न मर्यादा वर्षाला ८ लाख. त्यांच्या वडिलांनी त्याच वर्षी अहमदनगर लोकसभा मतदारसंघातून वंचित बहुजन आघाडीचे उमेदवार म्हणून दिलेल्या शपथपत्रात मालमत्ता सुमारे ४० कोटींची. ही विसंगती लोकांना दिसली कारण शपथपत्र उघडे होते. उमेदवार कोणत्या पक्षाचा हे पाहून शपथपत्राचे मोल बदलत नाही, हे आपणही मान्य केले पाहिजे. जुलै २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाने उमेदवारी रद्द केली आणि सप्टेंबरमध्ये केंद्राने त्यांना सेवामुक्त केले. आरोप त्यांनी नाकारले आहेत आणि गुन्ह्याचा फैसला न्यायालय करील. पण शपथपत्र बंद पाकिटात असते तर हा प्रश्न विचारलाच गेला नसता. आणि ती जागा कुणाची गेली असती? एखाद्या खऱ्या ओबीसी, खऱ्या दिव्यांग मुलाची.

म्हणून येथेही रेघ हवी. वैधता प्रमाणपत्राचा क्रमांक, दिनांक आणि ते देणारी समिती, ही पदाची पात्रता आहे. ती उघडी हवी. त्या मुलीच्या आजोबांचे शाळेचे दाखले, नात्यागोत्याची कागदपत्रे, वंशावळ, हे तिचे घर आहे. ते झाकलेले हवे. ज्याच्याकडे खरे प्रमाणपत्र आहे त्याला क्रमांक सांगायला भीती कसली?

बिंदुनामावली कोण दाखवणार?

सर्वांत मोठा धोका आहे तो बिंदुनामावलीला. प्रत्येक आस्थापनेत ही नोंदवही असते. कितवा बिंदू कोणत्या प्रवर्गाचा, त्यावर कोण नेमला गेला, त्याची जात, वैधता प्रमाणपत्र, नेमणुकीचा दिनांक, हे तीत ओळीने लिहिलेले असते. विभागीय आयुक्त कार्यालयातला मागासवर्ग कक्ष ती तपासतो. अनुसूचित जातींचे १३ टक्के, अनुसूचित जमातींचे ७ टक्के कागदावर आहेत की खुर्चीवर, याचा एकमेव खरा पुरावा ही नोंदवही. अनुशेष म्हणून आपण ज्यासाठी मोर्चे काढतो तो आकडा याच वहीतून निघतो.

या वहीत नाव आहे, जात आहे. म्हणजे नव्या कलमाच्या भाषेत ती वैयक्तिक माहितीने भरलेली आहे. नगरपरिषद असो, पंचायत समिती असो, अनुदानित शिक्षणसंस्था असो. 'वैयक्तिक माहिती, नाकारण्यात येते' असा एक शिक्का मारला की अनुशेष लपला.

बाबासाहेबांनी काय केले होते ते आठवा. १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारी नोकऱ्यांत अस्पृश्यांना किती जागा मिळतात हे आकड्यांनिशी मांडले, आणि १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा मिळवल्या. भावनेच्या आवाहनाने नव्हे, हिशोबाने. ज्या समाजाकडून हिशोबाची वही काढून घेतली, त्याच्याकडून आरक्षण काढून घ्यायला वेगळा कायदा करावा लागत नाही.

जमिनीचेही तेच. नोव्हेंबर २०२५ मध्येच पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीच्या व्यवहाराने राज्य हादरले. तो व्यवहार चर्चेत आला तो नोंदणीच्या कागदांमुळे. नोंदणी कायद्याच्या कलम ५७ ने स्थावर व्यवहारांची पुस्तके पाहण्याचा हक्क सर्वांना दिला आहे, म्हणून ते कागद दिसले. पण वतनाची जमीन विकायला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती फाइल कुणी हलवली, कुणी शेरा मारला, कुणी सही केली, हे कलम ५७ सांगत नाही. ते माहिती अधिकारच सांगू शकतो. रांजणगाव आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आल्या, रस्ते रुंद झाले, आणि या दोन तालुक्यांत जमिनीला सोन्याचा भाव आला. अशा ठिकाणी वतनाच्या आणि गायरानाच्या फाइलींवरची नावे झाकली गेली, तर नुकसान कुणाचे होणार हे वेगळे सांगायला हवे काय?

वरचे उघडे, खालचे बंद, गरीब चव्हाट्यावर

या कायद्यातली विसंगती पाहा. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०१९ रोजी सरन्यायाधीशांचे कार्यालयही माहिती अधिकाराखाली येते असे सांगितले, आणि मे २०२५ मध्ये न्यायमूर्तींच्या मालमत्तेची विवरणे संकेतस्थळावर टाकली. खासदार, आमदार, अगदी ग्रामपंचायतीचा उमेदवारही मालमत्ता जाहीर करतो. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांनाही १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार मालमत्तेचे विवरण द्यावेच लागते. पण ते शासनाच्या कपाटात. म्हणजे न्यायमूर्तींचे घर दिसते, सरपंचाचे शेत दिसते, आणि ज्याच्या सहीवाचून आपला सातबारा हलत नाही त्या तलाठ्याचे, आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्याचे काहीच दिसायचे नाही.

आणि गरिबाच्या खाजगीपणाचे काय? २०१७ मध्ये राजस्थानच्या दौसा जिल्ह्यात रेशनचे धान्य घेणाऱ्यांच्या घराच्या भिंतींवर 'मी गरीब आहे' अशा अर्थाची वाक्ये रंगवली गेली. गरिबाची जात, त्याचे दारिद्र्य, त्याच्या आधारचा आकडा चव्हाट्यावर मांडताना कुणाला खाजगीपण आठवत नाही. नव्या कायद्याच्या अंमलबजावणीचे वेळापत्रकच बोलके आहे. माहिती अधिकार कापणारी तरतूद नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच दिवसापासून लागू. नागरिकाची माहिती गोळा करणाऱ्यांवरची मुख्य बंधने मात्र त्यानंतर १८ महिन्यांनी. अधिकाऱ्याचे कवच आज, जनतेचे कवच दीड वर्षाने!

ज्याची माहिती खरोखर झाकायला हवी होती तो माणूस वेगळाच आहे. तो म्हणजे अर्जदार. १३ जानेवारी २०१० रोजी याच पुणे जिल्ह्यात, तळेगाव दाभाडे येथे, जमिनींचे गैरव्यवहार उघड करणारे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा भरदिवसा खून झाला. अर्जावर अर्जदाराचे नाव-पत्ता असतोच. तो कचेरीतून कुणाच्या कानावर जातो, हे खेड्यापाड्यातल्या आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. त्याचे रक्षण करणारे ठोस कलम मात्र कुणाला सुचले नाही.

आता काय करायचे?

रडत बसणे हा आपला मार्ग नव्हे. शिरूरची हद्द ओलांडली की पारनेर तालुका लागतो. तेथल्या राळेगणसिद्धीतून अण्णा हजारे यांनी लावून धरलेल्या आंदोलनाचा २००२ च्या राज्य माहिती अधिकार कायद्यात मोठा वाटा होता. त्यांच्या इतर भूमिकांशी आपले मतभेद असतील. पण रेटा लावला की कायदा होतो, हे या मातीने पाहिले आहे. जे शिल्लक आहे ते हत्यार धारदार करून वापरले पाहिजे.

पहिली गोष्ट, माणूस विचारू नका, पद विचारा. 'अमक्या साहेबांची माहिती द्या' असा अर्ज केला की नकार ठरलेला. त्याऐवजी 'अमक्या पदावरून अमक्या तारखेपासून अमक्या तारखेपर्यंत निर्गमित झालेले आदेश, त्यांवरील टिपणी आणि मंजुरी' असे मागा. दुसरी, कलम ४ विसरू नका. कर्मचाऱ्यांची यादी, त्यांचे मासिक वेतन, अनुदान योजनांचे लाभार्थी आणि रकमा, दिलेले परवाने, हे कार्यालयाने न मागता जाहीर करायचे आहे. ते कलम अजून जिवंत आहे. तिसरी, अर्जातच कलम ८(२) चा उल्लेख करून जनहित कोणते ते दोन ओळींत लिहा. कायदा कारण मागत नाही, तरीही लिहा. कारण अपिलात तोच कागद उपयोगी पडतो. चौथी, कलम १० दाखवा: पत्ता, फोन, आधार क्रमांक यांवर काळी पट्टी ओढून उरलेला कागद देता येतो. बिंदुनामावली मागताना नावे नको असतील तर नावे झाकून बिंदू, प्रवर्ग, भरलेला की रिक्त, एवढे मागा. अनुशेष तेवढ्यावरही उघडा पडतो. पाचवी, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा नकार आला, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरे. अर्ज टाकून विसरणारा अर्जदार हा कचेरीचा सर्वांत लाडका अर्जदार असतो.

आणि अर्ज एकट्याने करू नका. बुद्धविहारात बसून, चार शिकलेल्या मुलांनी मिळून, मंडळाच्या पाच-दहा जणांच्या नावांनी वेगवेगळे अर्ज करा. एका पत्त्यावर डोळा ठेवता येतो, पन्नास पत्त्यांवर येत नाही.

मागणी मात्र एकच आणि स्पष्ट हवी. कलम ८(१)(ञ) मधले काढलेले शब्द परत आणा. अधिकाऱ्याच्या घराला कुलूप असू द्या, आमची हरकत नाही. उलट ते कुलूप मजबूत असावे. पण कचेरीचे कपाट आमच्या पैशाने घेतले आहे, त्यातला कागद आमच्या पैशाने छापला आहे आणि त्यावर सही करणाऱ्याचा पगार आमच्या करातून जातो. बापजाद्यांनी ज्या दप्तराचे टपाल पिढ्यान् पिढ्या वाहिले, ते वाचायची पाळी आता कुठे आपली आली होती. ते पुन्हा माडीवर जाऊ द्यायचे नाही.